कांबळवाडीला आत्ता कोण पोहोचेल?

नमस्कार श्रोतेहो.

1 ऑगस्ट 2024 ची दुपार. पॅरिस ऑलिंपिक चालू होतं. नेमबाजीतल्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकाराच्या अंतिम फेरीत स्वप्नील कुसाळे 451.4 गुणांवर थांबला आणि कांस्यपदक पक्कं झालं. आमच्या दैनिकाच्या क्रीडा विभागात टाळ्या वाजल्या, कुणीतरी पेढे आणायला धावलं, आणि लगेच संपादकांचा प्रश्न आला, "कांबळवाडीला आत्ता कोण पोहोचेल?"

कांबळवाडी हे स्वप्नीलचं गाव. जिल्हा कोल्हापूर, तालुका राधानगरी. पॅरिसची बातमी वृत्तसंस्थेकडून सगळ्या दैनिकांना एकाच वेळी येते, शब्द न् शब्द तीच. आपल्या वाचकाला त्यापलीकडचं काही द्यायचं तर ते त्या गावातच मिळणार होतं. त्या दिवशी ज्यानं पहिल्या रिंगला फोन उचलला तो आमचा पगारी माणूस नव्हता. तो त्या भागातला मुक्त वार्ताहर. चार वर्षं बातमीमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर नेमबाजीचे आणि कुस्तीचे निकाल पाठवत होता. त्याच्याकडे घरच्यांचा नंबर आधीपासून होता. संध्याकाळी सातच्या आत त्याचा मजकूर आला, दोन फोटो आले, फोटोत कोण कोण आहे ते डावीकडून क्रमानं लिहून आलं. पुढच्या वर्षी आमच्याकडे एक जागा रिकामी झाली. तिची जाहिरात निघालीच नाही. त्याला फोन गेला.

खेळावर लिहून पोट भरता येईल का, असं विचारणारी मुलंमुली मला दर महिन्याला भेटतात. त्यांच्यासाठी मी आज बोलणार आहे. उत्तर "हो" असं आहे, पण रस्ता बहुतेकांना वाटतो तिथून जात नाही.

आलेल्या दहा जणांपैकी नऊ जण मला क्रिकेटवरचं मत दाखवतात. कोहलीनं काय करायला हवं होतं, रोहितचं कुठे चुकलं. लेख वाईट नसतात, पण तसंच लिहिणारे हजार जण आहेत आणि सामना सगळ्यांनी टीव्हीवरच पाहिलेला असतो. आता उलट बाजू बघा. 28 जुलै 2025 ला जॉर्जियातल्या बटुमीमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. तो डाव कुठे फिरला हे मराठीत चार वाक्यांत समजावून सांगणारे लेखक त्या रात्री शोधावे लागत होते. 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनंही सुवर्णपदक घेतलं. कप्प्यांच्या कंपाउंड आणि साध्या रिकर्व्ह धनुष्यात फरक काय, हे मला त्या दिवशी एका क्रीडाशिक्षकाला फोन करून विचारावं लागलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. एक खेळ आणि एक भाग आपला करा. असा आपला की तिथे काही घडलं तर डेस्कवर, म्हणजे कार्यालयात बसून पान तयार करणाऱ्यांत, तुमचंच नाव निघावं.

मी स्वतः खो-खोमधून आले. शाळेत आणि कॉलेजात खेळले, मग गुडघा गेला. 1999 मध्ये विट्यात राहून सांगलीच्या एका दैनिकाला निकाल पाठवायला लागले. सामने संपेपर्यंत रात्र व्हायची, म्हणून धाकटा भाऊ सोबत यायचा. महत्त्वाचा निकाल असेल तर मी एसटीडी बूथवरून फोनवर सांगायचे, नाहीतर कागद पाकिटात घालून शेवटच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. बातमीला मिळायचे पंधरा रुपये. फोनचा खर्च माझा.

त्या काळात माझ्या हातून झालेली एक चूक अजून बोचते. मुलींच्या जिल्हा स्पर्धेत एका चौदा वर्षांच्या खेळाडूनं अंतिम सामन्यात 3 मिनिटं 10 सेकंद बाद न होता संरक्षण केलं होतं. मी घाईत तिचं आडनाव शेजारच्या मुलीला लावलं आणि त्या मुलीचं हिला. दोन दिवसांनी तिचे वडील अंक घेऊन घरी आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, हे कात्रण फ्रेम करून लावायचं होतं. पण ह्यात आमचं नाव नाही." त्यानंतर आजपर्यंत मी गुणपत्रक स्वतः पाहिल्याशिवाय आणि प्रत्येक नाव खेळाडूकडून किंवा प्रशिक्षकाकडून तपासल्याशिवाय मजकूर पुढे दिलेला नाही. इशा की ईशा, कुलकर्णी की कुळकर्णी, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. संपादक तुमच्या शैलीकडे नंतर बघतो. ह्या माणसाचा मजकूर डोळे मिटून पानात लावता येतो का, हे तो आधी बघतो.

सुरुवात कशी करायची ते सांगते. "मला क्रीडालेखनाची आवड आहे, संधी द्यावी" अशी पत्रं आमच्याकडे ढिगानं येतात आणि तशीच राहतात. त्याऐवजी असं लिहा: येत्या शनिवारी आमच्याकडे विभागीय शालेय कबड्डी स्पर्धा आहे, रात्री नऊपर्यंत 200 शब्द आणि दोन आडवे फोटो देते. आणि मग नऊ म्हणजे पावणेनऊला द्या. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं लवकर सुटतात. साडेदहाला आलेली सुंदर बातमी कुणाच्याच उपयोगाची नसते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच दिसेल अशा टंकात, पाठवा. फाँट बदलण्यात डेस्कची दहा मिनिटं गेली की पुढच्या वेळी तुमचा मेल उघडायचा कंटाळा येतो, ही खरी गोष्ट आहे.

शालेय स्पर्धा लहान समजू नका. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती उतरंड असते आणि राज्याचे क्रीडा विभाग आठ. उद्याचे खेळाडू आधी इथेच दिसतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून वर्षाचं वेळापत्रक मागून घ्या, तुमचं निम्मं नियोजन झालं. खो-खोचंच बघा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, अंतिम फेरीत दोन्हीकडे समोर नेपाळ होता, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ज्यांनी ह्या दोघांना राज्य स्पर्धांमध्ये पाहून लिहिलं होतं, त्यांच्या जुन्या वह्या त्या आठवड्यात सोन्याच्या झाल्या. म्हणून वही जपा. तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, वेळ, गुण. कात्रणंही जपा, छापील आणि मोबाइलवरची, दोन्ही.

भाषेबद्दल थोडं बोलते, कारण रेडिओचं आपल्यावर ऋण आहे. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी धावतं वर्णन ज्यांनी रेडिओवर ऐकलंय, त्यांना मैदान कानांनी पाहणं म्हणजे काय ते माहीत आहे. आणि वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाच्या पानाला मान मिळवून दिला. त्या पानावर कबड्डी, खो-खो, कुस्ती ह्यांना पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसावं लागलं नाही. आपल्या खेळांचे शब्द तयार आहेत. कबड्डीतले चढाई, पकड, लोण; कुस्तीतले निकाली कुस्ती, आणि घिस्सा, एकचाक, मोळी हे डाव. हे शब्द मैदानावर आणि तालमीत वस्तादांच्या तोंडून ऐका आणि बातमीत योग्य जागी वापरा. निकाली, म्हणजे चीतपट करून संपलेली कुस्ती आणि गुणांवरची कुस्ती ह्यांत गफलत झाली, तर गावातला आठवीतला पोरगासुद्धा तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

आता पैशांचं. आपल्याकडे हे विचारायला लाज वाटते आणि त्या लाजेपायी चांगली माणसं हे काम सोडून जातात. पहिल्याच महिन्यात विचारा: बातमीला किती, लेखाला किती, फोटोचे वेगळे का, आणि मिळणार कधी. उत्तर मेलवर घ्या. एका ठिकाणी माझं आठ महिन्यांचं मानधन अडकलं होतं. तोंडी बोलण्यावर राहिले होते, त्यामुळे दाखवायला हातात काही नव्हतं. दर महिन्याला तारीख, मथळा आणि रक्कम लिहून बिल पाठवायची सवय मला तेव्हा लागली. मानधनातून कर कापून घेतला असेल आणि तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. बरीच मुलं ती सोडून देतात. आणखी एक. मुक्त लेखक म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क मुळात लिहिणाऱ्याकडे असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. म्हणून सही करताना कागद नीट वाचा. तुमच्याच दहा लेखांची उद्या पुस्तिका काढायची झाली, तर ह्याला महत्त्व येतं.

स्पर्धेचे आयोजक एखाद्या दिवशी तुमच्या हातात पाकीट ठेवतील. प्रेमानं ठेवतील, "प्रवासखर्च आहे" म्हणतील. घेऊ नका. आयोजकांसाठी प्रसिद्धिपत्रकं लिहिणं हे वेगळं आणि प्रामाणिक काम आहे, कबड्डी-खो-खोच्या लीग आल्यापासून त्यात नोकऱ्याही आहेत. पण एकाच स्पर्धेसाठी दोन्ही बाजूंनी बसू नका. पंचांबद्दल तक्रार झाली, मैदानाला रुग्णवाहिकाच नव्हती, मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती, हे लिहायची वेळ येते तेव्हा ते पाकीट हात धरतं.

आणि पूर्णवेळ नोकरी म्हणजे रोज मैदान, अशी कल्पना असेल तर ती आजच बाजूला ठेवा. बहुतेकांची पहिली नोकरी डेस्कवरची असते. दुपारी चारला जायचं, रात्री बारा-एकला निघायचं. वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा, मथळे द्यायचे, धावफलक जुळवायचे. निवड चाचणीतही हेच विचारतात: एक उतारा, एक नुसतं गुणपत्रक, आणि अर्ध्या तासात बातमी. म्हणून घरी सराव करा. रणजी सामन्याचं धावफलक घ्या, वर्णन अजिबात वाचू नका आणि दीडशे शब्द लिहून बघा. फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये विदर्भानं केरळविरुद्धची अंतिम लढत पहिल्या डावातल्या आघाडीवर जिंकली आणि तिसऱ्यांदा रणजी करंडक घेतला. सामना अनिर्णित आणि तरी विजेता ठरलेला, हे क्रिकेट न पाहणाऱ्या आजीला कळेल असं पहिल्या वाक्यात सांगता आलं, तर चाचणीत तुम्ही टिकाल. मोबाइलवर आता सामने मराठी समालोचनासह दिसतात, तिथेही आकडेवारी आणि मजकूर तयार करणारी माणसं लागतात. कामाच्या जागा वर्तमानपत्राबाहेरही आहेत.

किती दिवस वाट पाहायची? मला तीन वर्षं लागली. तोवर मी सकाळी शिकवण्या घेत होते आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण दोन वर्षं नेमानं लिहूनही मानधन वाढत नसेल, नाव छापलं जात नसेल, तर तीच वही घेऊन दुसऱ्या दैनिकाच्या पायऱ्या चढा. वही तुमची आहे.

15 जानेवारीला आपल्याकडे राज्य क्रीडा दिन असतो, खाशाबा जाधवांची जयंती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, 1952 ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे. त्या दिवशी गावोगाव काही ना काही भरतं, कुठे कुस्त्या, कुठे शाळेच्या शर्यती. तुमच्या गावात काय आहे ते आजच विचारून ठेवा. वही, दोन पेन आणि चार्ज केलेला फोन घेऊन पहिल्या शिट्टीच्या आधी अर्धा तास पोहोचा, आणि गुणलेखकाच्या शेजारी जागा मिळते का बघा.

नमस्कार.