गुळाच्या वखारीतली पद्मिनी

(दृश्य : दसरा चौक, कोल्हापूर. संध्याकाळ. गर्दी, तुतारी, आपट्याच्या पानांचे ढीग.)

दसऱ्याच्या संध्याकाळी या चौकात पाय ठेवायला जागा नसते. तेवढ्यात गर्दीत एक लाट येते, माना एकाच बाजूला वळतात. छत्रपतींची मेबॅक, ती जुनी राजेशाही मोटार, आली. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरही डोळे मोठे करून बघतं, कारण ही गाडी रोज दिसत नाही. ती जपायला राजघराणं आहे आणि बघायला अख्खं कोल्हापूर.

आपली गोष्ट तिची नाही.

(दृश्य : गडहिंग्लज. वखारीचं पत्र्याचं दार कुरकुरत उघडतं.)

आपली गोष्ट इथली. ही माझ्या काकांची गुळाची वखार. काका अडते होते. धंदा बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण आत शिरलं की अजून काकवीचा वास येतो. पोत्यांच्या मागे, ताडपत्रीखाली आहे ती १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. रंग कागदोपत्री मोतिया. प्रत्यक्षात आता काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

काकांनी ही गाडी घेतली तेव्हा मारुती ८०० येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली आणि सगळ्या देशाला वेड लागलं. घरातली तरुण मंडळी मारुतीसाठी हटून बसली होती. काकांनी एकच प्रश्न विचारला म्हणे, "गुळाचे चार रवे टाकले तर बसंल न्हवं ती खाली?" विषय तिथेच मिटला. पद्मिनीनं पुढची वीसेक वर्षं रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, वाहिले, नवरदेव वाहिले, एकदा तर बाळंतपणाला निघालेली सूनही वेळेत दवाखान्यात पोचवली. २००९ साली काकांना दिसेनासं झालं आणि गाडी पोत्यांमागे गेली.

मी ती बाहेर काढायचं ठरवलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "विकायला काय मिळतील तिचे?" दुसरा प्रश्न, "मग कशाला?"

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. कारखाना, असेंब्ली लाइन, जुनी मुंबई.)

या गाडीचं मूळ बघायचं तर सोलापूरच्या एका माणसापाशी जावं लागतं. वालचंद हिराचंद. जन्म १८८२. जहाजं, विमानं, साखर, जिथे इंग्रज सरकार "तुम्हाला जमणार नाही" म्हणायचं, नेमकं तिथेच हा माणूस हात घालायचा. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकी क्रायसलरच्या गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकात आलेल्या गोल नाकाच्या ११०० फियाटला आपल्या लोकांनी जे नाव दिलं, ते कुठल्याही जाहिरात कंपनीला सुचलं नसतं : डुक्कर फियाट. समोरून बघा, मग पटेल.

१९६४ पासून चौकोनी, सरळ रेषांची ११०० डी बनू लागली. १९७२ मध्ये ती प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. नावं बदलत गेली, गाडी मात्र जवळपास तीच राहिली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, चार गिअर, आणि गिअरचा दांडा बहुतेक वर्षं स्टिअरिंगच्या खाली. नव्या पिढीतल्या मुलाला तो दांडा दिला, तर तो आधी वायपर चालू करायला बघतो.

एकच गाडी जवळजवळ चार दशकं बनवत राहणं ही खरं तर कंपनीची आणि परवाना राज्याची, म्हणजे सरकारी परवान्याशिवाय काही बनवता येत नसे त्या काळाची, लाज. बाहेर जग पुढे गेलं, आपण बुकिंगची पावती जपून ठेवत बसलो. पण त्याच सुस्तपणाचा फायदा आज माझ्यासारख्याला होतो. साठच्या दशकातल्या गाडीचा बराचसा भाग ऐंशीच्या दशकातल्या गाडीला बसतो.

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज, लोखंडाचा कीस.)

वखारीतून टेम्पोवर चढवून गाडी आली ती इथे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. ओतकाम, लेथ, ग्राइंडर, हे सगळं दोन गल्ल्यांत मिळावं अशी महाराष्ट्रात फार ठिकाणं नाहीत. इथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचे मिस्त्रीमामा बसतात. साठी ओलांडलेली. लहानपणी पाने-स्पॅनर पुसायला लागले, ते अजून उठलेले नाहीत.

मामांनी बोनेट उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, "मुंगळ्यांनी तुझ्या आधी ताबा घेतलाय की रं."

गुळाच्या वखारीत दुसरं काय होणार? वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, एअर फिल्टरमध्ये घरटं. इंजिन जाम. मी विचारलं, "मामा, संपलं का?"

"संपलं नसतंय असं. प्लग काढ."

चारही प्लग काढले. प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडलं. आणि मग मामांनी मला सांगितलं ते काम या छंदात सगळ्यात अवघड आहे : आठ दिवस हात लावायचा नाही. आठ दिवसांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी मागेपुढे झुलवली. तिसऱ्या-चौथ्या झुल्याला काहीतरी कट्‌ वाजलं आणि फॅन इंचभर फिरला. त्या इंचभर फिरण्यावर मी किती खूश झालो, हे कॅमेऱ्यानं टिपलंय, पण ते आम्ही व्हिडिओत ठेवलेलं नाही.

(दृश्य : उघडलेलं इंजिन. मामांची बोटं.)

इंजिन उतरवून उघडलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे डाग. बोअरिंग, म्हणजे भिंत खरवडून सिलिंडर मोठा करणं, किती करायचं हा प्रश्न. वीस साइज की चाळीस? म्हणजे इंचाचे वीस हजारांश वाढवायचे की चाळीस. शहाणा मिस्त्री कमीत कमी खरवडतो, कारण प्रत्येक बोअरिंगला इंजिनचं एक आयुष्य खर्ची पडतं. मामा वीसवर थांबले. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. काकांनी कधीतरी घाटात पाणी आटेपर्यंत ताणली असणार, हेड वाकलेलं होतं. शेजारच्याच शेडमध्ये फेसिंग मारून सपाट करून घेतलं. पुढचं चाक ज्यावर वळतं, त्या किंगपिनचे बुश बाजारात मिळेनात. समोरच्या टर्नरनं गनमेटलचे काढून दिले, जेवणाच्या सुट्टीच्या आत. पैसे विचारले, तर म्हणाला, "आमच्या आण्णांकडंबी हुती पद्मिनी. ऱ्हाऊ दे." मग शेवटी चहावर मिटवलं.

इंजिन आणि सस्पेन्शन ही तशी सोपी बाजू. खरं दुखणं पत्र्याचं. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच गाडी. दारांखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, बॅटरीची बैठक, डिकीत स्टेपनीचा खड्डा : गंज आधी इथे बसतो. वरून रंग चकचकीत आणि आतून बिस्किट. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरनं सहज आरपार गेला. आधीच्या कुणी तरी त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, थापून रंग मारला होता. लांबी भरून भोक बुजवणाऱ्या माणसाबद्दल माझं मत काय आहे, ते इथे बोलता येणार नाही. सडलेलं कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, दुसरा मार्ग नाही.

(दृश्य : मुंबई. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, मरीन ड्राइव्ह, पाऊस.)

सुटे भाग मिळतात कुठून? इतकी वर्षं उत्तर सोपं होतं : मुंबईच्या टॅक्सीमुळे. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज धावत होत्या, म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारापासून आमच्या गल्लीपर्यंत पंप, बुश, रबरं मिळत होती. छंदवाल्यांना वाटतं आपण गाड्या वाचवल्या. मला तर वाटतं त्या टॅक्सीवाल्यांनी वाचवल्या.

ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अनेकांनी गहिवरून फोटो टाकले. मामांना मी ती बातमी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि लगेच फोन उचलला. त्यांना इंजिनला पेट्रोल पोचवणारे चार पंप आणि ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे दोन संच आजच्या आज हवे होते.

यांत्रिक भाग निदान बनवता तरी येतात. दाराचं मूळ हँडल, हबकॅप, टेललाइटची काच, पुढच्या त्रिकोणी काचेची कडी, हे कुठून आणायचं? मेबॅकचं हँडल कुणी फेकलं नसतं. पद्मिनीचं फेकलं, कारण दुसरं चाळीस रुपयांत मिळत होतं. जी वस्तू सगळ्यांकडे असते, ती कुणीच जपत नाही. दिल्लीत लालबहादूर शास्त्रींच्या स्मारकात एक फियाट जपून ठेवली आहे. पंतप्रधान असताना घेतलेली, किंमत बारा हजार, त्यातले पाच हजार बँकेचं कर्ज. शास्त्रीजी गेल्यावर ते कर्ज पत्नी ललिताजींनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी टिकली ती शास्त्रीजींची म्हणून. माझ्या काकांच्या गाडीला असं कुठलं कारण नाही.

(दृश्य : पेट्रोल पंप. ई-२० ची पाटी.)

आता एक गंमत बघा. आमचा जिल्हा उसावर उभा. उसापासून इथेनॉल होतं, आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्के तेच. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या असतात. पद्मिनी बनवताना इथेनॉलचा विचार कुणी केलेला नव्हता. जुन्या रबराला ते फुगवतं, मग चिरा पाडतं. हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतो. मामांनी पंपाचा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, जेट किंचित मोठा केला. पंधरा वर्षं गुळात राहिलेल्या गाडीच्या पोटातही आता ऊसच.

कागदपत्रांचं सांगतो, लवकर आटपतो, कारण तिथे मजा नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याआधी तपासणी. १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांचं शुल्क ५ हजार झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीला १० हजार. वर पर्यावरण कर. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांची. आमची पद्मिनी २०३६ पर्यंत व्हिंटेज नाही, नुसती म्हातारी आहे. आणि काळ्या पाटीवर चंदेरी अक्षरांत काकांनी रंगवून घेतलेला नंबर गेला, त्याच्या जागी उच्च सुरक्षा पाटी आली. जुनी पाटी मी घरी भिंतीला लावली आहे.

(दृश्य : रस्ता. गाडी पहिल्यांदा बाहेर.)

चौदा महिन्यांनी गाडी रस्त्यावर आली. चोक ओढला, स्टार्टर मारला, दोनदा खोकली आणि धरली. राजाराम तलावापर्यंत नेली, सुरेख. परत येताना उतारावर ब्रेक दाबला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. हँडब्रेक आणि दुसरा गिअर, यावर कशीबशी एका चहाच्या टपरीसमोर थांबली. टपरीवाला आधी मागे सरला, मग म्हणाला, "पद्मिनी हाय व्हय? मग ठीक हाय."

चूक माझी. एका दुकानात व्हील सिलिंडरची रबरं निम्म्या किमतीत मिळाली, खोक्यावर नाव बरोबर होतं, आतला माल नव्हता. ब्रेक ऑइलमध्ये ती फुगून लिबलिबीत झाली. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी ती रबरं एका खिळ्याला अडकवून ठेवली, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतील अशी.

(दृश्य : शेड. गाडी जॅकवर, चारही चाकं काढलेली.)

त्यामुळे यंदा खंडेनवमीला गाडी अशी होती. पाने, हातोडे, ग्राइंडर सगळं धुऊनपुसून मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं. मी झेंडूचा हार आणला होता, पण चाकं नसलेल्या गाडीला घालावा की नाही, या विचारात उभा. मामांनी हार माझ्या हातातून घेतला, बोनेटवर टाकला आणि चारही रिकाम्या हबखाली एकेक लिंबू ठेवलं.

मी विचारलं, "मामा, दिवाळीपर्यंत होईल ना?"

"हुईल की," मामा म्हणाले. "रबरं तेवढी बरी आण."