कासवाची अंडी वाळू उबवते

कोंबडी खुडूक बसते, कासव बसत नाही. कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री चढते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल, चंबूसारखा खड्डा काढते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि तासाभरात समुद्रात परत. पुढचे 45 ते 60 दिवस अंडी उबवायची ती वाळूने. म्हणून ‘यंदा किती घरटी लागली’ या आकड्यावर खूश होऊ नका. वाळू कशी आहे ते आधी विचारा.

अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, त्यातून पाणी आणि हवा ये-जा करतात. वाळू फार कोरडी असली की खोदतानाच कडा ढासळतात, पुढे अंडी सुकून चेपतात. घरटं भरतीच्या रेषेखाली असलं तर कणांमधल्या हवेची जागा पाणी घेतं आणि गर्भ गुदमरतो. घरट्याच्या खोलीवरची वाळू मुठीत दाबून बघा: गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. किनाऱ्याला दगडी बंधारा घातला की मादीला नेमकी हीच वरची जागा मिळत नाही. मग ती माघारी फिरते, नाहीतर खालीच अंडी घालते.

उष्णतेचं गणित अजून नाजूक आहे. पिल्लू नर की मादी हे उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळूचं तापमान ठरवतं. 29-30 अंशांच्या आसपास दोन्ही निघतात. त्याखाली नर जास्त, वर माद्या जास्त. 34-35 च्या वर बराच काळ राहिलं तर गर्भच मरतात. शेवटच्या दिवसांत वाढत्या पिल्लांच्या अंगची ऊबही त्यात भर घालते. त्यामुळे मार्चमध्ये घातलेली घरटी सगळ्यात धोक्यात असतात.

वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी अंडी किनाऱ्यावरच्या राखणीतल्या कुंपणात हलवायला सुरुवात केली, कारण कोल्ही-कुत्री आणि माणसं. पण हलवणंही बेतानं हवं. काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो मेलाच. म्हणून घातल्यापासून पाच-सहा तासांच्या आत, न फिरवता, मूळ घरट्याखालची ओली वाळू बादलीत तळाशी घालून न्यायचं. नवा खड्डा तेवढाच खोल, तसाच चंबूचा. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर.

पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकरून टरफलं मोजतातच, पण न फुटलेली अंडीही फोडून बघावीत. वास येतो, तरी बघावीत. ठिपक्याएवढा गर्भ असेल तर हाताळणीवर संशय घ्या. पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मेली असतील तर उष्णतेवर किंवा पाण्यावर. उष्णता असेल तर पुढच्या खेपेला वर जाळीची सावली करायची. आणि कुंपण दरवर्षी नव्या वाळूवर हलवायचं, कारण जुन्या टरफलांवर पोसलेली बुरशी तिथेच टपून असते.