गुलाब तरंगते ठेवण्याचं तंत्र : कुरामाता यांच्या पारदर्शक खुर्च्या

जपानी डिझायनर शिरो कुरामाता यांची ‘मिस ब्लांश’ ही आत गुलाब असलेली पारदर्शक खुर्ची फोटोत पाहणारा पहिल्यांदा गुलाब पाहतो. ती बनवणाऱ्याचा जीव मात्र गुलाबांभोवतीच्या रिकाम्या भागात अडकलेला असतो. लाकडाच्या खुर्चीत चूक झाली तर लांबी (पुट्टी) भरता येते, वर पॉलिश मारता येतं. पारदर्शक वस्तूत चूक आतच राहते आणि चारही बाजूंनी दिसते. आजचं बोलणं या चुकांबद्दलच आहे.

कुरामाता (१९३४–१९९१) टोकियोचे. मुळात सुतारकाम शिकलेले, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण सांधा म्हणजे काय हे त्यांना हाताने माहीत होतं. १९६८ सालीच त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकची, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची कपाटं केली. १९७६ची ‘ग्लास चेअर’ म्हणजे नुसत्या सपाट काचा. स्क्रू नाही, फ्रेम नाही. काचेच्या कडा फोटोबॉण्ड नावाच्या, अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाने जोडलेल्या. काच स्वतः प्रकाश आत सोडते, म्हणून तर हा गोंद तिथे चालतो. पण कडा अगदी सपाट घासलेली हवी. फट कमीजास्त झाली की गोंदात बुडबुडा राहतो, बोटाचा तेलकटपणा राहिला की पकड सुटते. प्रकाश टाकायच्या आधीच सगळं गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणावं लागतं. एकदा गोंद पकडला की काच हलवता येत नाही. मेम्फिस या इटलीतल्या डिझायनरांच्या गटातलं त्यांचं काम आज बाजूला ठेवतो, तो वेगळा विषय आहे.

आता १९८८ची ‘मिस ब्लांश’. नाव टेनेसी विल्यम्स यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकातल्या ब्लांश द्युबुआवरून. पाठ, हात, बैठक सगळं जाड अ‍ॅक्रिलिक, आत कृत्रिम गुलाब. खरे गुलाब चालत नाहीत: पाकळीत पाणी असतं, आणि रेझिन, म्हणजे ओतलेलं द्रव अ‍ॅक्रिलिक, घट्ट होताना तापतं, त्यात पाकळी करपून काळवंडते. कृत्रिम फुलातही निवड करावी लागते, कारण ज्यापासून अ‍ॅक्रिलिक बनतं तो द्रवरूपातला मोनोमर, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, हा स्वतःच विद्रावक आहे. कच्चा रंग त्यात उतरतो आणि फुलाभोवती गुलाबी ढग दिसतो.

खरी कसोटी ओतण्यात आहे. मोनोमरचा पॉलिमर, म्हणजे घट्ट अ‍ॅक्रिलिक, होताना उष्णता सुटते. द्रव जसजसा घट्ट होतो तशी क्रिया मंदावण्याऐवजी वेग घेते, आणि जाड ठोकळ्यात ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. मोनोमर १०१ अंशांना उकळतो. तापमान तिथवर गेलं की उतू जाणाऱ्या दुधासारखं क्षणात हाताबाहेर जातं आणि ठोकळाभर बुडबुडे होतात. म्हणून उत्प्रेरक कमी, तापमान कमी, वेळ भरपूर, आणि ओतणं थराथराने.

थराचंही गणित आहे. खालचा थर फार ओला असताना फूल ठेवलं तर ते बुडतं किंवा कलतं. फार सुकल्यावर ठेवलं तर दोन थरांमधली रेघ कडेने पाहताना दिसते. मधली वेळ साधावी लागते, जेव्हा थर जेलीसारखा असतो. शिवाय शुद्ध मोनोमर घट्ट होताना आकारमानाने सुमारे २१ टक्के आकसतो. आधीच थोडा पॉलिमर विरघळवलेला पाक वापरला की हे कमी होतं, संपत नाही. आकसताना अ‍ॅक्रिलिक पाकळीपासून सुटलं, तर मध्ये हवेचा पातळ पापुद्रा राहतो. समोरून पाकळी लाल, जरा तिरकं पाहिलं की चांदीच्या वर्खासारखी चकाकते. काही जण त्याला सौंदर्य म्हणतील. कारागीर त्याला दोष म्हणतो. ते टाळायला फूल आधी मोनोमरमध्ये भिजवून निर्वातात ठेवतात, म्हणजे पाकळ्यांच्या घड्यांतली हवा निघून जाते.

ठोकळा साच्यातून काढला की काम संपलं असं नाही. आतला ताण उतरवायला तो ओव्हनमध्ये मऊ पडण्याच्या तापमानाच्या जरा खाली तापवून अगदी सावकाश थंड करावा लागतो. हे टाळलं तर काही महिन्यांनी केसाएवढ्या बारीक तडा उगवतात. आपल्याकडे साइनबोर्डची दुकानं अ‍ॅक्रिलिक शीट क्लोरोफॉर्मने चिकटवतात. पातळ शीटला ते चालून जातं; ताण असलेल्या जाड तुकड्याच्या कडेला लावलं की तिथूनच तडे सुरू होतात.

पाय अ‍ॅल्युमिनियमचे, रंगीत, थेट बैठकीत शिरलेले. तापमानाबरोबर अ‍ॅक्रिलिक अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट प्रसरण पावतं. भोक घट्ट ठेवलं तर थंडीत अ‍ॅक्रिलिक पायाभोवती आवळतं आणि चिरतं. म्हणून जरा सैल भोक, तेही सावकाश पाडलेलं, कारण ड्रिल तापला की भोकाची भिंत वितळून पांढरी पडते.

या खुर्चीच्या ५६ प्रती मानल्या जातात. कुणा संग्रहालयात वा घरी ती असेल, तर पुसायला कोमट पाणी, किंचित साबण आणि मऊ कापड. काच पुसायचा स्प्रे वापरू नका. त्यातला अल्कोहोल किंवा अमोनिया पृष्ठभागावर बारीक जाळी उठवतो.