अठ्ठावीस टक्के म्हणजे चोरी का?

[दृश्य: सीताबर्डी, भर दुपार. झेरॉक्स आणि बाईंडिंगची दुकानं.]

प्रबंध जमा करायचे दिवस आले की नागपुरात बर्डीवरच्या बाईंडिंगवाल्यांना जेवायला फुरसत नसते. काळं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं. आणि प्रतींची वाट पाहत उभ्या असलेल्या संशोधकांमध्ये हमखास निघणारा विषय: "तुझे किती टक्के आले?" हे टक्के परीक्षेचे नव्हेत. दुसऱ्यांच्या लिखाणाशी आपलं लिखाण किती जुळतं, त्याचे. इथे जितके कमी तितकं बरं.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर रंगीबेरंगी ओळींचा अहवाल.]

संशोधनाचे लेख छापणाऱ्या शोधपत्रिकांकडेही हाच आकडा येतो. प्रकाशकांच्या 'क्रॉसरेफ' या संस्थेने २००८ साली सदस्यांसाठी तपासणीची सोय सुरू केली. मागचं सॉफ्टवेअर 'आयथेंटिकेट'. आलेला लेख त्यात टाकला की छापून आलेले लेख आणि वेबपानं यांच्याशी ते त्याचे शब्द जुळवून पाहतं. जुळलेल्या ओळी रंगवून देतं, आणि एक आकडा. बस. चोरी झाली की नाही, हे ते सांगतच नाही.

समजा, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दलचा इंग्रजी लेख आहे आणि आकडा आलाय २८. संपादक आधी संदर्भसूची आणि अवतरणं वगळतो. आकडा उतरतो. मग तो उरलेले रंग वाचायला बसतो. 'हेक्टरी पाच कामगंध सापळे लावले', हे वाक्य रंगलेलं. 'सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले की उपाय करावा', हेही रंगलेलं. आता शिफारसच तशी आहे, तर माणूस दुसरं लिहिणार काय? पुढे एक भलामोठा निळा पट्टा येतो. तो लेखकाच्याच प्रबंधाचा, 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढवलेल्या. प्रबंधातून लेख काढलेला बहुतेक पत्रिकांना चालतो. तसं लेखात सांगितलेलं असावं, एवढंच. आणि मग निष्कर्षांच्या चर्चेत सलग दोन परिच्छेद, दुसऱ्याच कुणाच्या एका जुन्या लेखातले. नाव नाही, संदर्भ नाही. एकूण आकड्यात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. पण खरं प्रकरण तिथेच आहे.

टक्के उतरवून देणारी सॉफ्टवेअरंही निघाली आहेत. ती दिसेल त्या शब्दाला प्रतिशब्द बसवत सुटतात. २०२१ साली गीयोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव या संशोधकांनी असे लेख हुडकून काढले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं तिथे 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे 'बनावट जाणीव', झालं होतं. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल', म्हणजे 'छातीचं संकट'. आणि हे लेख रीतसर छापून आले होते, बरं का! कुणी वाचले होते, देव जाणे.

[दृश्य: संपादकाचं टेबल. ईमेल लिहिणारे हात.]

मग तो बोंडअळीचा लेख? संपादकांच्या 'कोप' या संस्थेने, जी १९९७ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली, यासाठी पायऱ्या आखून दिल्या आहेत. एखाद-दुसरं वाक्य उचललेलं असेल, तर लेखकाला साध्या शब्दांत कळवायचं: संदर्भ द्या, नाहीतर स्वतःच्या शब्दांत लिहा. लेख पुढे सरकतो. परिच्छेदच्या परिच्छेद उचलले असतील, तर दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवून खुलासा मागवायचा. लेखक अगदी नवखा असेल, तर समजावून सांगतात. उत्तर पटलं नाही, तर लेख परत, आणि गरज वाटल्यास संस्थेला पत्र. उत्तरच आलं नाही, तर सहलेखकांना विचारायचं. तेव्हा कुठे काहींना आपलं नाव त्या लेखावर आहे, हे नीट आठवतं.

टक्क्यांच्या ठरीव पायऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. ४० पर्यंत प्रबंध सुधारून द्यायला जास्तीत जास्त सहा महिने. ६० पर्यंत सुधारलेला प्रबंध द्यायलाच वर्षभर बंदी. त्याच्यावर नोंदणीच रद्द. प्राध्यापकांच्या वेतनवाढीही यात अडकतात. पण या पायऱ्या विद्यापीठांसाठी आहेत. "माझे नऊच टक्के आहेत" असं शोधपत्रिकेच्या संपादकाला सांगून काही उपयोग नाही.

[दृश्य: ग्रंथालयातलं कपाट, मराठी नियतकालिकांचे जुने बांधीव अंक.]

मराठी लेखांची गत आणखी वेगळी. जुने टंकलिखित प्रबंध आणि असे अंक इंटरनेटवर नसतील, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते लिहिलेच गेले नाहीत. इंग्रजीतला उतारा मराठीत आणला की शब्दांची जुळणी तिथेच तुटते. आणि मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तर पडद्यावर आपल्याला देवनागरी दिसते; सॉफ्टवेअरला मात्र रोमन अक्षरांचा खिचडा. त्याच्याशी जुळणारं जगात काय सापडणार? अहवाल येतो: शून्य टक्के. त्यावर मार्गदर्शकांची सही होते.