एमबीबीएस चालू असताना एमबीए करावं का?

तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांत हाच प्रश्न सर्वांत जास्त आहे, म्हणून सुरुवात त्यानेच करतो. एमबीए ही पदव्युत्तर पदवी. तिच्या प्रवेशाला हातात पदवी लागते, आणि तुमची पदवी साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप झाल्याशिवाय मिळत नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली हे खरं, पण त्यामुळे ही पायरी गाळता येत नाही. अमेरिकेत एमडी-एमबीए (तिथली एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागची पदवी) असा ५ वर्षांचा जोडअभ्यासक्रम चालतो, कारण तिथला विद्यार्थी मेडिकलला येतो तोच एक पदवी घेऊन.

राहिलं ऑनलाइन बीबीए, म्हणजे व्यवस्थापनाची पहिली पदवी. एमबीबीएसला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी, वॉर्ड, त्यात नीट-पीजीची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, तयारी. यातून जो वेळ काढाल तो रुग्णाजवळच्या शिकण्यातूनच जाईल. माझ्या मते तो सौदा वाईट आहे.

हिशेब मात्र आत्ताच शिका. १५ खाटांचं नर्सिंग होम घ्या, आकडे समजण्यापुरते. भाडं, पगार, वीज, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ६ लाख. एका खाटेचं दिवसाचं बिल ४,००० रुपये, त्यातले २,००० औषधं आणि साहित्यात गेले. म्हणजे खर्च भरून निघायला महिन्याला ३०० खाट-दिवस हवेत (एक खाट एक दिवस भरलेली म्हणजे एक खाट-दिवस). तुमच्याकडे आहेत ४५०. सरासरी दहा खाटा रोज भरलेल्या असल्या तर कुठे ना नफा ना तोटा. आता या ३०० खाट-दिवसांच्या १२ लाखांच्या बिलांपैकी ६० टक्के कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने परस्पर भरायची, असतील आणि विम्याचे पैसे ४५ दिवसांनी येत असतील, तर १० लाख ८० हजार कायम बाहेर अडकलेले. पगार मात्र १ तारखेला द्यायचाच. रुग्ण भरपूर असूनही हॉस्पिटलं ओढग्रस्तीला येतात ती इथे.

यंत्र घेतानाही हेच. उपचारसेवेवर साधारणपणे जीएसटी नाही, म्हणून यंत्रावर भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही. कोटेशनमधला करासकटचा आकडाच खरी किंमत धरा. सोनोग्राफीचं मशीन पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालच्या, नोंदणीआधी वापरता येत नाही. क्रम चुकला की मशीन बंद आणि हप्ता चालू.

पदवी हवीच असेल तर इंटर्नशिपनंतर. सरकारी कॉलेजवाल्यांनी बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष आधी हिशेबात धरावं. प्रॅक्टिस करायची असेल त्यांना इग्नूचा हॉस्पिटल व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा बहुधा पुरेल. प्रशासनातच जायचं असेल तर नीट-पीजीतून एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची वाट आहे. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ती शाखा आहे. पूर्ण वेळ एमबीए दोन-तीन वर्षं काम केल्यावर करा, म्हणजे वर्गात विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

तोवर इंटर्नशिपमध्ये दोन दुपारी परवानगी काढून बिलिंगच्या खिडकीमागे बसा. विमा कंपनीने नाकारलेल्या क्लेमची एक फाइल मागून घ्या. केसपेपरवरची दाखल होण्याची वेळ, नर्सिंग चार्टवरची वेळ आणि बिलावरची वेळ शेजारी-शेजारी मांडा, जुळतात का बघा. मग इम्प्लांटचा, म्हणजे शरीरात बसवलेल्या वस्तूचा, स्टिकर फाइलला चिकटवलाय का, ते बघा.