पट्टीपासून तक्त्यापर्यंत

लघु माहितीपट : निवेदन

[दृश्य : साळावली धरण, जुलै. सांडव्याच्या गोल कठड्यावरून पाणी आत कोसळतं आहे. सुरुवातीला फक्त पाण्याचा आवाज.]

सांगे तालुक्यातलं साळावली धरण. ते भरून वाहू लागलं की इथे पाय ठेवायला जागा नसते. लोक छत्र्या मिटवून फोटो काढतात, भिजतात, भजी खातात आणि घरी जातात. घरी नळ सोडतात तेव्हा, दक्षिण गोव्यात राहत असतील तर, बहुतेक हेच पाणी येतं.

आत्ता या कठड्यावरून किती पाणी जातंय? नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. कठड्याची लांबी ठाऊक असते. त्यावर पाणी किती उंच चढलंय ते वाचायचं आणि त्यावरून विसर्ग, म्हणजे एका सेकंदात जाणारं पाणी, काढायचा. आकडा असा जन्मतो. तो काढायचं, तपासायचं आणि सांभाळायचं काम कसं शिकतात, ते आपण पाहणार आहोत. सोबत आहे वाळपईची एक मुलगी. भूगर्भशास्त्रात एमएस्सी झाली, आता एका संशोधन प्रकल्पात सहायक आहे.

[दृश्य : सत्तरी. सकाळ, रिमझिम. कुंपणातला पर्जन्यमापक. काकांच्या हातात काचेचं मोजपात्र.]

साडेआठ वाजले. देशभर पावसाची नोंद याच वेळी घेतात. काल सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जेवढा पडला, तो आजच्या तारखेवर लिहायचा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याला त्याहून बराच जास्त. जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा दिवसांत एका मोजपात्रात कालचा पाऊस मावत नाही. पुन्हापुन्हा भरायचं, ओतायचं आणि मोजत राहायचं. मध्येच फोन वाजला की किती पात्रं झाली ते विसरतं.

[काकांचा आवाज : "बाय, डोळा पाण्याच्या रेषेत आण. वरून बघितलंस तर पाऊस जास्त दिसेल."]

हे काका ही नोंद वर्षानुवर्षं घेत आले आहेत. त्यांच्या वहीत पाऊस न पडलेल्या दिवशी शून्य असतं आणि वाचन न झालेल्या दिवशी आडवी रेघ. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

[दृश्य : व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल. कठड्याला बांधलेली खुणांची दोरी. पितळी वेगमापी पाण्यात उतरतो.]

आता खरी मजा. पाऊस आभाळातून पडतो तोवर मोजणं सोपं असतं. तो व्हाळात शिरला की कठीण.

साकवावर आडवी दोरी ताणली आहे, ठरावीक अंतरावर खुणा आहेत. प्रत्येक खुणेपाशी आधी खोली मोजायची. मग पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर वेगमापी धरायचा, कारण उभ्या रेषेतला सरासरी वेग साधारण तिथे सापडतो. पाणी जास्त खोल असेल तर दोन ठिकाणी धरायचा, दोन दशांशावर आणि आठ दशांशावर, आणि सरासरी घ्यायची. वेगमापीच्या वाट्या पाण्यानं फिरतात. ठरलेल्या वेळात किती फेरे झाले, त्यावरून वेग. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे त्या एका पट्ट्यातलं पाणी. असे सगळे पट्टे जोडले की व्हाळाचा विसर्ग.

[दृश्य : मुलगी ओणवी. दोर हातातून निसटता निसटता सावरते. काठावरची पातळीपट्टी जवळून.]

हा खटाटोप रोज करता येत नाही, म्हणून ही रंगवलेली पट्टी. वेगवेगळ्या पातळ्यांना असं मापन करून ठेवायचं आणि पातळी व विसर्ग यांची वक्ररेषा काढायची. पुढे रोज पट्टी वाचली की रेषेवरून विसर्ग मिळतो. अभ्यासक्रमात हे दोन पानांत संपतं. इथे एक मोठा पूर आला, तळाची रेती सरकली, की जुनी रेषा खोटी ठरते आणि पुन्हा साकवावर यावं लागतं. मोठ्या पुरात वेगमापी उतरवता येत नाही. तेव्हा तरंगती वस्तू सोडून वेग काढतात, किंवा ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र वापरतात. आम्ही गेलो त्या दिवशी व्हाळ बरा वागला.

मुलाखतीत विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर येतं? साकवावर कधी उभी राहिलीस का, हे आजवर तिला कुणी विचारलेलं नाही.

[दृश्य : खोली. संगणकाचा पडदा, रकाने, मध्येच लाल झालेल्या चौकटी.]

सॉफ्टवेअर लागतंच. नकाशांसाठी क्यूजीआयएस, हिशेबासाठी पायथन किंवा आर. तिन्ही फुकट मिळतात. पुराचं पाणी कुठवर पसरेल ते मांडायला हेक-रास, तेही फुकट. देशभरातली जलमाहिती इंडिया-डब्ल्यूआरआयएस या संकेतस्थळावर पाहता येते. पण तिचा बहुतेक दिवस जातो तो निवडण्यात. तांदळातले खडे वेचावेत तसे आकडे वेचायचे.

या रकान्यात बघा. पावसाळ्याच्या मधोमध एका केंद्रावर सलग शून्य, आणि आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर मुसळधार. वहीतल्या आडव्या रेघा टंकताना कुणीतरी शून्यं केल्या. आणि हे बघा, विसर्ग एकाएकी पस्तीस पट. पूर नव्हता, क्युमेकच्या (सेकंदाला घनमीटर) रकान्यात क्युसेक (सेकंदाला घनफूट) गेले. एका घनमीटरमध्ये पस्तीसहून थोडे जास्त घनफूट मावतात, इतका सरळ गुणाकार दिसला की तिला हसू येतं. तिसरी चूक सगळ्यांत लबाड. उपग्रहाचा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. काकांचा दिवस साडेआठला. दोन्ही रकाने तसेच शेजारी ठेवले की वादळ एक दिवस आधी आल्यासारखं दिसतं.

ज्यानं काकांची वही पाहिलेली नाही, त्याला यातली पहिली चूक सापडायला फार वेळ लागेल.

[दृश्य : मांडवीतलं चोडण बेट. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताचा, बांध. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार, ओहोटीला धावणारं पाणी.]

खाली मांडवीत सगळे नियम बदलतात. भरती-ओहोटी समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाणवते. इथे पट्टी चढली म्हणजे वरून पाणी आलं असं म्हणता येत नाही. समुद्रानं ढकललेलंही असेल. म्हणून पातळीसोबत खारेपणा मोजायचा, वेळ मिनिटासकट लिहायची. मानशीचं दार भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. यंत्र न वापरता भरतीचं वेळापत्रक पाळणारी, मानशी सांभाळणारी माणसं पिढ्यान् पिढ्या इथे आहेत. जलविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकानं एक दिवस मानशीवर बसावं, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य : आकाशातून म्हादई, हिरवी खोरी. संगीत.]

मांडवीलाच वरच्या भागात म्हादई म्हणतात. तिच्या पाण्यावरून तीन राज्यांत वाद आहे. म्हादई जलविवाद लवादानं १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला : कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट). खोऱ्याचं पाणी धरलं १८८.०६ टीएमसी, ७५ टक्के विश्वासार्हतेनं, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तेवढं तरी मिळेल या हिशेबानं. असा आकडा अनेक वर्षांच्या नोंदींवरच उभा राहतो. वाद अजून चालू आहे.

[दृश्य : ताळगाव पठार, विद्यापीठाची इमारत. पायऱ्यांवर विद्यार्थी.]

या कामात यायचं कुठून? स्थापत्य, भूगर्भशास्त्र, भूगोल, पर्यावरण, संख्याशास्त्र, कुठूनही. गोवा विद्यापीठ आहे, फर्मागुडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दोनापावलला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. बाहेर जायची तयारी असेल तर रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, खडकवासल्याचं जल आणि विद्युत संशोधन केंद्र. केंद्रीय भूजल मंडळातली शास्त्रज्ञांची पदं केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भरतात. राज्याच्या जाहिरातीत कोकणीचं ज्ञान अत्यावश्यक आणि मराठीचं इष्ट, ही ओळ असतेच. सुरुवातीची कामं बहुधा प्रकल्पावरची, कंत्राटी. प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा.

[दृश्य : वाड्यावरची विहीर, मे महिना. मुलगी फीत सोडते. शेजारची दोन मुलं वाकून बघतात.]

नोकरी मिळेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. फीत, वही, आणि ज्यांची विहीर त्यांची परवानगी. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींतली पाण्याची पातळी वर्षातून चारदा मोजत आलं आहे : जानेवारी, पावसाआधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा, म्हणजे तुलना करता येईल. सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी. फीत कठड्यावरच्या एकाच खुणेपासून सोडायची आणि कठड्याची उंची वजा करायची.

[मुलीचा आवाज : "खूण रंगानं कर रे. खडूची पहिल्या पावसात जाईल."]