कोयता गेल्यावर

(पहाट. ट्रॅक्टरचे दिवे, धूळ.)

धारूर तालुका, जिल्हा बीड. दिवाळी सरली की बालाघाटातली गावं ऊसतोडीसाठी अशी ट्रॉलीत चढतात. पीठ, भांडी, अंथरुणं, शेळीसुद्धा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेस्तोवर, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम उसाच्या फडात.

मागं राहते ती ही.

(आजी भाकरी थापते आहे.)

हात बघा. एक भाकरी तव्यावर पडते न पडते तोच दुसरा उंडा परातीत. तीन नातवंडं, दोन शेळ्या, एक म्हातारा. पाणी, सरपण, पोरांची शाळा, सगळं हिच्यावर. वय विचारलं तर म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, तवा थोरला कडंवर व्हता. करा हिशेब."

(रात्र. टीव्हीचा उजेड चेहऱ्यांवर.)

आठची मालिका. त्यातली आजी झोपतानाही पैठणीत. केस काळेभोर, कानशिलावर तेवढी एक पांढरी बट. ती दाराआडून ऐकते, देवापुढं रडते, सुनेला टोमणे मारते. चुलीजवळ काही दिसत नाही.

पडद्यावरचं म्हातारपण असंच रंगवून येत आलंय. १९४२ साली ललिता पवारांना चित्रीकरणात थप्पड जोरात लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, नायिकेची कामं संपली. वय सव्वीस. पुढं खाष्ट सासू म्हणजे ललिता पवार. रोहिणी हट्टंगडी १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, वयानं त्यांच्याहून लहान असून. दादा कोंडक्यांची 'आये', रत्नमालाबाई, आपल्या शिवारातली वाटायची. पण गोष्ट लेकाची. 'एक हजाराची नोट'मध्ये (२०१४) उषा नाईकांची बुढी बाजाराला निघते आणि कॅमेरा तिच्या मागं जातो. ती विदर्भातली. एवढ्यावर आपण किती खूश झालो होतो!

खऱ्या वयाच्या नट्यांना मग कामच उरत नाही, हेही आहेच.

(आजी टीव्हीकडे बघते आहे.)

जाहिरात लागली तेव्हा आजीनं आम्हाला विचारलं, "हिचे पाय कामून दावत न्हाईत?"

(सकाळ. भेगाळलेल्या टाचा, पायवाट, पुढं शेळ्या.)